खाडीकडची मोकळी जागा

रोहनने पेनाचं टोपण काढलं, अर्जाचा मजकूर वाचला आणि टोपण परत लावलं. झालं ते एवढंच. शनिवारची संध्याकाळ, कुकर नुकता चढवलेला, गीतू फरशीवर बसून डब्याचं झाकण चाटत होती, आणि शर्मिला ओढणीने मान पुसत त्याच्या पुढ्यात उभी होती. दुपारभर तिन्ही विंगचे जिने चढून-उतरून ती आत्ताच घरात आली होती. सह्यांचे कागद तिने जरा तोऱ्यातच टीपॉयवर ठेवले होते. घरचाच माणूस राहिलाय, कर बाबा एकदा. रोहन कधी काही वाचत नसे. बँकेचे कागद असोत, सोसायटीचा ठराव असो, गीतूच्या लसीचा फॉर्म असो, बोट दाखवाल तिथे सही करून मोकळा होणारा माणूस. आज त्याने वाचलं. सावकाश, एका ओळीवरून मागे जाऊन पुन्हा. मग म्हणाला, नंतर करतो, आणि गॅस बारीक करायला आत गेला. कुकरची एकही शिट्टी झालेली नव्हती. शर्मिलाला आधी रागच आला. परक्या माणसांनी हसत सह्या केल्या आणि ह्याला नंतर करायचीय. तो अडला कुठे ते बघावं म्हणून तिने कागद उचलला. मजकूर तिचाच होता. ‘स्मशानभूमीच्या मागील बाजूस, खाडीलगत असलेल्या मोकळ्या भूखंडावर’ ही ओळ तिने हाताने लिहिली होती, टाइप केली होती, दारोदार वाचून दाखवली होती. आणि आत्ता, आत पहिली शिट्टी होत असताना, ती ओळ तिला पहिल्यांदा ऐकू आली.

अर्जाची हकिगत सुरू झाली ती शुभदाकाकूंपासून. काकू बी विंगला तळमजल्यावर राहायच्या, विमा कंपनीतून निवृत्त झालेल्या, गुडघे बोंबलत असले तरी काखेत फाइल मारून वॉर्ड ऑफिसपासून मंत्रालयापर्यंत कुठेही जायला तयार. कोपरखैरण्याच्या त्या बाजूला इमारती अशा खेटून की एकीच्या फोडणीने दुसरीला ठसका लागावा. रस्त्याच्या दोन्ही कडांना गाड्या, आवारात गाड्या, आणि गाड्यांमधल्या फटीतून पोरांचे खेळ. समोरच्या फ्लॅटमधल्या क्षिप्राच्या जुळ्यांपैकी एक मागच्या दिवाळीत उलट्या येणाऱ्या टेम्पोखाली जाता जाता वाचला होता, त्याच्या पायात अजून सळई होती. तिथून बायका पेटल्या. खाडीकडच्या मोकळ्या प्लॉटवर जुन्या आराखड्यात बगीचा होता. नव्या आराखड्याच्या मसुद्यात त्याचं बहुमजली वाहनतळ झालं होतं, वर चार मजले आणि जमिनीखाली दोन. मसुद्यावर हरकती मागवल्या होत्या. मग महापालिकेला एक अर्ज, राज्याच्या नगरविकास खात्याला एक. अर्ज टाकून गप्प बसलं की तो मेलाच म्हणून समजा, असं काकू म्हणायच्या, आणि प्रत्येक पोचपावतीचा फोटो ग्रुपवर टाकायच्या. लिहायचं काम शर्मिलाकडे आलं. गीतू झाल्यावर तिने वाशीची नोकरी सोडली होती, आणि या अर्जामुळे कितीतरी दिवसांनी तिच्या डोक्यात दूध, भात आणि दुपटी सोडून दुसरं काही शिरलं होतं. दार उघडणारा माणूस आधी कडेवरच्या गीतूकडे बघे, मग कागदाकडे. गीतू त्याच्या हातातलं पेन मागे. माणूस हसे आणि सही करे. रोज जेवताना ती हे सगळं रोहनला सांगायची, घसरगुंडी कुठे येणार, झोपाळे किती, लहान मुलांसाठी वाळूचा चौकोन, आणि रोहन ऐकायचा. आता तिला आठवायला लागलं की तो नुसता ऐकायचा. घास चावत, ताटाकडे बघत. तिला वाटायचं, दमलाय.

गीतूच्या आधी एक मुलगा झाला होता. बिल्डिंगमध्ये हे कोणालाच माहीत नव्हतं, कारण तेव्हा ते रबाळ्याला भाड्याने राहायचे. सातव्या महिन्यातच आलेला, एवढासा, कोवळ्या पानाला असतात तशा शिरा दिसणाऱ्या कातडीचा. काचेच्या पेटीला गोल भोक होतं, त्यातून हात घालायला द्यायचे, आणि तो तिच्या करंगळीचं टोक धरायचा, धरायचा म्हणजे काय, त्याची मूठ तिथे येऊन राहायची. पायाला चिकटवलेल्या पट्टीवर ‘बेबी ऑफ शर्मिला’ एवढंच लिहिलेलं. बारशापर्यंत तो थांबलाच नाही. तिच्या पोटाचे टाके ओले होते, उठून बसवत नव्हतं, आणि तशीही बायकांनी जायची रीत नव्हती. रोहन आणि त्याचे वडील, सीतारामबाबा, दोघेच गेले. दात न आलेल्या मुलाला अग्नी देत नाहीत, मातीत ठेवतात, हे तिला सासूने केस विंचरता विंचरता सांगितलं होतं, जणू एखाद्या पदार्थाची कृती सांगावी तसं, आवाज चढू न देता. संध्याकाळी दोघे परत आले. रोहनच्या पँटच्या कडेला चिखल होता, काळा, खाडीचा असतो तसा, वास असलेला. आणि त्याच संध्याकाळी शर्मिलाचं दूध उतरलं. ज्याच्यासाठी उतरायचं तो नव्हता हे शरीराला कोणी कळवलंच नव्हतं. ते झोपेत गाउन भिजवायचं, शेजारच्या खोलीत कोणाचं मूल रडलं तरी वाहायचं, आणि सासू घट्ट फडकं बांधून म्हणायची, आटेल गं, आटेल. तिने एकदाच विचारलं होतं, कुठे ठेवलं. बाबा म्हणाले, चांगल्या जागी आहे पोरी, खाडीचा वारा येतो. त्या एका वाक्यातून शर्मिलाने एक जागा तयार केली होती. थोडं गवत, पलीकडे पाणी, एखादं झुकलेलं झाड, येता-जाता बसणारा बगळा. त्या जागेला पत्ता नव्हता. ती कोपरखैरण्यात नव्हती, रबाळ्यात नव्हती. शर्मिला डोळे मिटायची तिथे ती होती. आणि स्मशानामागचा प्लॉट म्हणजे डेब्रिजचे ढीग, तुटकी भिंत, फलकाचा लोखंडी सांगाडा. या दोन जागा तिच्या आत इतकी वर्षं शेजारी शेजारी होत्या, आणि एकमेकींना ओळखत नव्हत्या.

गीतूला वरणभात भरवताना तिने विचारलं. रोहन समोर वेताच्या मोड्यावर बसला होता, हातात गीतूचं लाळेरं.

“तीच जागा ना?”

तो हो म्हणाला. मग म्हणाला, तू इतकी खुशीत होतीस, मला कसं सांगायचं ते कळेना. आणि वाटलं, सरकारी काम, हजार अर्ज येतात, होणार थोडंच आहे. शर्मिलाला राग येईल असं वाटलं होतं, पण आला नाही. आपण या माणसासमोर रोज बसून घसरगुंडीची जागा ठरवत होतो, हे आठवून तिच्या हातातला घास थांबला. गीतूने तोंड पुढे करून तो स्वतःच घेतला.

“कुठे पण? कोपऱ्यात का? भिंतीकडे? तेवढा भाग सोडायला सांगू आपण. काहीतरी कारण देऊ. सांग ना.”

“मला नाही माहीत, शर्मिला.”

तिने वर बघितलं.

“बाबांनी मला तोंड फिरवायला लावलं. म्हणाले, बापाने बघायचं नसतं. मी खाडीकडे बघत उभा होतो. मागून फावड्याचा आवाज येत होता. मग बाबा म्हणाले, चल, मागे वळू नको. मी नाही वळलो.” तो लाळेऱ्याच्या घड्या घालत होता, उलगडत होता. “नंतर दोनदा गेलो मी. ऑफिसातून परस्पर. काहीच कळत नाही तिथे. सगळं सारखंच आहे.”

बाबा गेल्यालाही आता बरेच दिवस झाले होते. शर्मिलाला वाटत आलं होतं की रोहनच्या आत कुठेतरी ती जागा नीट ठेवलेली आहे, घरातली किल्ली जशी एकाकडे असते म्हणून दुसरा निर्धास्त असतो. त्याच्याकडेही ती नव्हती. तोही इतके दिवस रिकाम्या हाताने तिच्या शेजारी झोपत होता, हे तिला आज कळलं. तिने त्याच्या हातातून लाळेरं घेतलं आणि गीतूचं तोंड पुसलं.

बाबांबरोबर खड्डा करायला गावठाणातला एक माणूस होता, एवढं रोहनला आठवत होतं; तुर्भ्याच्या बाजारात बाबांच्या बरोबरीने गोणी वाहणारा. त्याची बायको बायजाबाई गावठाणाच्या तोंडाशी मासळीची पाटी घेऊन बसते, शर्मिला तिच्याकडूनच कोळंबी घ्यायची, आणि गीतूला ती दर खेपेला गालाला हात लावून म्हणायची, सोन्याची बाय ती. सोमवारी सकाळी शर्मिला तिच्यासमोर उकिडवी बसली. कोळंबी निवडता निवडता, मान खाली घालून, तिने विचारलं. बायजाबाईचे हात थांबले नाहीत. तिचा नवरा जाऊन वर्ष होत आलं होतं. तो कोनाला दाखवत नसे, ती म्हणाली, मागायला आले तरी नाय, हातापाया पडले तरी नाय.

“आया येऊन बसतात, पोरी. एकदा बसली की उठत नाय. घरची पोरा उपाशी, नवरा उपाशी, नि ही आपली तिथं माती धरून. म्हनून खून-निशानीच ठेवायची नाय. दगड नाय, काठी नाय, काय नाय. वरना पाय फिरवून सपाट करायचा नि निघायचा. ही रीत हाय आमची.”

शर्मिला म्हणाली, म्हणजे कोणालाच माहीत नाही.

“माजा पन हाय तिथं,” बायजाबाई म्हणाली. तिने पाटीवर पाणी शिंपडलं. “नवरा माजा, खड्डा केला त्यानंच, नि मला मरेपर्यंत नाय सांगितला. भांडले मी. लई भांडले. मग आमची दुसरी पोरा झाली. आता वाटतं, बरा केला. मी बी बसलीच असती.” आणि मग, गिऱ्हाईक आलं म्हणून आवाज मोकळा करत, “ने, एक मूठ जास्ती घातलीय. सोन्याच्या बायला कालवनातली नको देऊ, तिखट लागंल.”

सुनावणीची तारीख आली तशी शुभदाकाकूंच्या हॉलमध्ये बैठका वाढल्या. काकूंच्या आर्किटेक्ट भाच्याने रंगीत नकाशा काढून दिला होता. मधोमध कारंजं, भोवती चालायचा पट्टा, एका बाजूला घसरगुंडी आणि झोपाळे, दुसऱ्या बाजूला ज्येष्ठांसाठी व्यायामाची लोखंडी यंत्रं. शर्मिला नकाशाकडे बघत राही आणि तिला कागदावर वरून दिसणारं दिसत नसे, खालचं दिसे. झोपाळ्याच्या खांबांना सिमेंटचे पाय लागतात. कारंज्याला टाकी लागते. चालायच्या पट्ट्याखाली खडी भरायला फूटभर माती उपसावी लागते, ती पिवळ्या जेसीबीने उपसतात, त्याच्या दात्यांतून मातीबरोबर काय येतं ते वर बसलेल्या माणसाला कळतही नाही. सगळं उपसून डंपरमध्ये जातं, डंपर कुठेतरी भरावाला ओततो. मग ती गप्प का, असं क्षिप्राने विचारलं की ती म्हणे, झोप झाली नाही. सांगावं असं तिला रोज वाटायचं. शुभदाकाकूंना एकटीला गाठून सांगावं. पण त्याच हॉलमध्ये क्षिप्रा म्हणाली होती, काकू, स्मशानाची भिंत आधी उंच करून घ्या हं, आमच्या सासूबाई आत्तापासून सुरू झाल्यात, तिकडे माझ्या नातवंडांना न्यायचं नाही म्हणून. आणि सगळ्याजणी हसल्या होत्या, कोणीतरी म्हणालं होतं, तिथे लिंबू-मिरचीचा स्टॉल टाकू. भिंतीपलीकडचं स्मशान त्यांना असं हसण्यावारी नेता येत होतं. पायाखाली काय आहे हे कळलं तर एकही आई मूल घेऊन तिथे येणार नाही. बगीचा नको म्हणतील, सह्या मागे घेतील, आणि प्लॉट वाहनतळाचा होईल. जमिनीखाली दोन मजले. सांगितलं तर दोन मजले खणणार, नाही सांगितलं तर फूटभर. भाजीवाल्याकडे जुड्या तोलाव्यात तशी ती हे तोलत राही, गीतूला आंघोळ घालताना, तिच्या ओल्या पाठीवरून हात फिरवताना, आणि तोलता तोलता तिला स्वतःची किळस येई, की हे काय आपण तोलतोय.

सोसायटीचा सेक्रेटरी आशुतोष म्हणाला, सुनावणीत शर्मिला मॅडमनी बोलायचं. बेबीला घेऊन. “काकू पॉइंट मांडतील, पण शेवटी तुम्ही. कडेवर मूल असलं ना मॅडम, साहेब लोकांचा मूडच बदलतो. एकदम इमोशनल.” तो मनाचा वाईट नव्हता; हरकतींच्या झेरॉक्स त्याने स्वतःच्या खिशातून काढल्या होत्या. शर्मिला हो म्हणाली. हो म्हणताना तिला वाटलं, मी हे करू शकेन. गीतूला उचलेन, झोपाळे मागेन, खाली बसेन. एक मूल दाखवून दुसऱ्याच्या अंगावरची माती मागून घेईन.

सुनावणीच्या आदल्या दुपारी गीतूला घेऊन ती तिथे गेली. कोणाला सांगितलं नाही. रिक्षावाल्याला स्मशान म्हणायला जीभ रेटेना, तिने पंपहाउस सांगितलं. भिंतीला एके ठिकाणी माणूस जाईल एवढं भगदाड होतं. आत ऊन होतं, पांढरं, सरळ उभं. एका बाजूला फोडलेल्या बांधकामाचे तुकडे, कोणाच्या तरी बाथरूमच्या निळ्या टाइल्स, मधे कोरडं गवत, पलीकडे तिवरांची हिरवी ओळ आणि तिच्या मागे ओहोटीचा चिखल. वारा खरंच येत होता. बाबा खोटं बोलले नव्हते. ती भगदाडापाशी थांबली, कारण पुढचं पाऊल कुठे टाकायचं ते तिला कळेना. इथे असेल. किंवा इथे. जिथे नाही अशी जागा तिला सापडेना. इतकी वर्षं तिला वाटायचं की एकदा ती जागा बघितली की आपण तिथे जाऊन बसू, डोकं टेकू, आणि आता समोर सगळंच होतं आणि टेकण्यासारखं काहीच नव्हतं. बायजाबाईच्या नवऱ्याने पाय फिरवून सपाट केली होती ती ही जमीन. शर्मिला तशीच उभी राहिली, एक हात विटेवर, आणि गीतू कडेवरून खाली सरकली. लहान मुलं पाण्यासारखी निसटतात तशी. तिला अजून नीट पळता येत नसे. हात वर धरून, पोट पुढे काढून, ती गवतात शिरली आणि पळत सुटली. “गीतू,” शर्मिला ओरडली, “गीतू, तिकडे नको,” आणि गीतूला तो खेळ वाटला, ती हसत आणखी पुढे गेली, धप्पकन बसली, उठली, पुन्हा पळाली, निळ्या टाइलचा तुकडा उचलून आईला दाखवला, टाकला, पुन्हा पळाली. शर्मिला तिच्या मागे धावली नाही. आधी पाय उचलेना म्हणून, आणि नंतर उचलावासा वाटेना म्हणून. ती बघत राहिली. ही पावलं त्याला लागत नव्हती. एवढंच तिला कळलं, पण ते तिला नक्की कळलं, दूध कधी पुरेसं कोमट झालं हे मनगटाला कळतं तसं. ही इवलीशी धडपडणारी पावलं लागत नव्हती. लागलं असतं ते फावडं.

वॉर्ड ऑफिसच्या वरच्या हॉलमध्ये पंखे जोरात फिरत होते आणि कागदांवर पेपरवेट ठेवलेले होते. लांब टेबलामागे समितीचे तिघे, मधे चष्मा डोक्यावर सारलेल्या बाई, अध्यक्ष त्याच होत्या. कडेला संगणकावर टिपणं घेणारा कारकून. आधी कोणाच्या तरी वाढीव बांधकामाची हरकत चालली होती, माणूस एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होता. मग त्यांचा नंबर लागला. शुभदाकाकू छान बोलल्या. टेम्पोची हकिगत सांगितली, क्षिप्राने मुलाचा पाय दाखवला, आशुतोषने नकाशा उलगडून धरला. अध्यक्षबाईंनी मान हलवली, नकाशा चांगला आहे म्हणाल्या. मग काकू वळल्या आणि शर्मिलाला खुणावलं. शर्मिला गीतूला घेऊन उभी राहिली. रोहन मागे दरवाज्यापाशी होता. हाफ डे टाकून आला होता, येतो असं सांगितलंही नव्हतं. रात्री ती त्याला एवढंच म्हणाली होती की मी बोलणार आहे, आणि त्याने काय ते विचारलं नव्हतं.

ती म्हणाली, वाहनतळ नको, या आमच्या सगळ्यांच्या म्हणण्याला माझा पाठिंबा आहे. पण बगीचाही असा नको. कारंजं नको, पट्टा नको, खेळणी नकोत. नुसतं मैदान असू दे. मुलांना पळायला. आशुतोषच्या हातातला नकाशा एका बाजूने खाली आला.

“मॅडम, तुमच्याच अर्जात बगीचा आहे,” अध्यक्षबाई कागद चाळत म्हणाल्या. “आणि नुसती मोकळी जागा मोकळी राहात नाही. उद्या तिथे कोणीतरी गाड्याच लावणार. बदल हवा असेल तर कारण सांगा. कारण नोंदवावं लागतं.”

“तिथे खणायला नको.”

“का?”

गीतू तिच्या कानातल्याशी खेळत होती. शर्मिलाने तिचा हात धरला, ओढला नाही, नुसता धरून ठेवला.

“आमचा पहिला मुलगा तिथे पुरलाय.”

पंख्यांचा आवाज एकदम जवळ आला. कारकुनाची बोटं संगणकावर थांबली. मागे कोणीतरी खुर्ची सरकवली, आणि शर्मिलाने मागे बघायचं नाही असं ठरवलं. तिने सांगितलं की गावठाणातले लोकही तान्ही मुलं तिथेच ठेवत आलेत, पूर्वीपासून, कागदावर कुठे ते नसेल. आवाज तिचाच होता, पण तो तिला थोडा उशिराने ऐकू येत होता. अध्यक्षबाईंनी डोक्यावरचा चष्मा काढून टेबलावर ठेवला. नियमावर बोट ठेवून आवाज चढवणाऱ्या बाई नव्हत्या त्या. जरा पुढे वाकून म्हणाल्या, “जागा दाखवता येईल का तुम्हाला? तेवढा भाग वगळायची शिफारस आम्ही करू शकतो. कुंपण घालून घेऊ. तुम्ही फक्त साइटवर येऊन दाखवा.”

ती मिळत असलेली गोष्ट होती. चांगल्या मनाने पुढे केलेली. क्षणभर शर्मिलाला वाटलं, दाखवावी कुठलीही. तिवरांजवळचा एखादा तुकडा, कोणाला कळणार आहे, एक कुंपण, एक चौकोन, माझा, जाऊन बसायला. तिने बघितला तो चौकोन, त्याच्यावरचं गवतसुद्धा बघितलं.

“नाही दाखवता येणार,” ती म्हणाली. “कुठे ते आम्हाला माहीत नाही. कोणालाच माहीत नसतं. म्हणून सगळीच जागा सोडा म्हणते.”

समितीतल्या एकाने खाली बघून काहीतरी लिहिलं. अध्यक्षबाईंनी विचारलं, झाडं? झाडंही नकोत का? याचा शर्मिलाने विचारच केला नव्हता. झाडाला खड्डा लागतो, पण एवढासाच, हाताने करता येण्यासारखा. आणि मुळं दुखवत नाहीत, त्यांना घाई नसते, वाटेत काही आलं तर वळसा घालून जातात. “झाडं चालतील,” ती म्हणाली. “हाताने लावलेली.” कारकुनाने विचारलं, कारणाच्या रकान्यात काय घालू. अध्यक्षबाई म्हणाल्या, त्यांनी सांगितलं तसंच घाल. मग त्या शुभदाकाकूंकडे वळल्या, मूळ अर्जदार तुम्ही, तुमचं म्हणणं काय? काकू खुर्चीच्या पाठीला धरून उभ्या होत्या. इतके महिने बाळगलेली फाइल त्यांच्या काखेत होती. त्या शर्मिलाकडे बघत होत्या, रागाने नव्हे, एखाद्या ओळखीच्या माणसाचं गाव आज कळावं तशा. “मैदान लिहा,” त्या म्हणाल्या. “बगीच्याऐवजी मैदान.” आणि खाली बसल्या.

निर्णय तिथे व्हायचा नव्हताच. शिफारस जाईल, शासन ठरवेल, कळवलं जाईल, असं सांगून पुढचा नंबर पुकारला गेला. बाहेर जिन्यावर आशुतोष म्हणाला, मॅडम, आधी सांगायचं होतंत ना, आता लोकांना काय तोंड दाखवू, सह्या बगीच्यावर घेतल्यात. आणि उत्तराची वाट न बघता तो नकाशाची गुंडाळी करत खाली उतरला. दोघीतिघी बायका शर्मिलाच्या शेजारून गेल्या, एकीने दंडाला हात लावला, एकीने मुलाला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि घाईने पुढे झाली. रोहनने गीतूला घेतलं. त्याच्या मोकळ्या हाताची बोटं शर्मिलाच्या कुर्त्याच्या बाहीला लागून होती. क्षिप्रा सगळ्यांत मागे राहिली होती. मुलाच्या पायात सळई असल्यामुळे ती एकेक पायरी थांबत उतरत होती. शेवटच्या पायरीवर ती शर्मिलाच्या बरोबरीला आली आणि हळू आवाजात, आपल्या मुलांना ऐकू जाणार नाही अशा बेताने, तिने विचारलं.

“तू नेशील गीतूला तिथे? खरं सांग.”

“नेईन.”

“भीती नाही वाटणार?”

“कोणाची?” शर्मिला म्हणाली.

तिने ते टोचून विचारलं नव्हतं. तिला खरंच उत्तर हवं होतं. समोर रस्त्यावर बस थांबली, दोन माणसं उतरली, बस गेली. क्षिप्रा आपल्या दोन्ही मुलांकडे बघत होती, एक दुसऱ्याच्या खांद्याला धरून उभा होता. मग तिने पर्स उघडून आत काहीतरी चाचपलं, पुन्हा बंद केली.

“झाडं यायला बरीच वर्षं लागतील गं,” ती म्हणाली. “ऊन असतं तिकडे. टोपी घालून आण तिला. आम्ही पाचनंतर येत जाऊ.”